नाक्यावर अडवलेलं वऱ्हाड

ते वऱ्हाड आठवलं की मला अजून हसू येतं आणि मागोमाग शरमही वाटते, कारण त्या दिवशी सगळ्यांत मोठी चूक आरोपीची नव्हती, माझी होती. परवा क्रांती चौकात आम्ही पेन्शनर मंडळी चहाला बसलो होतो. शेजारच्या देशाशी मुक्त व्यापाराचा करार झाल्याची बातमी पेपरात होती. एक म्हणाला, आता सगळं स्वस्त होणार. दुसरा म्हणाला, आपली माणसं बुडणार. दोघं हमरीतुमरीवर आले तेव्हा मी म्हटलं, बाबांनो, मला अर्थशास्त्र कळत नाही, पण असली एक भिंत मी स्वतः राखलेली आहे.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तिरंगा लागला. पण जकातीची भिंत पुढं काही वर्षं तशीच उभी होती. गंगापूरच्या पुढं गोदावरी लागते. अलीकडचा काठ हैदराबाद राज्याचा, पलीकडचा मुंबई राज्याचा. देश एक, तरी माल नदी ओलांडून आला की नाक्यावर जकात भरायची. मी तिथल्या ठाण्यात नवा होतो. फौजदाराला आमच्याकडं तेव्हा अमीन म्हणत. नाक्यावर एक रिवाज होता: वऱ्हाडाच्या गाड्या तपासायच्या नाहीत. नवरीच्या आंदणाला हात लावणं अशुभ, असं नाक्याचा कारकूनही मानायचा. रिवाज चांगला, पण चांगल्या रिवाजाचा फायदा चोर आधी घेतो.

एका सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना गावातले एक विणकर चाचा आले. लुगडी विणणारं घर, बापजाद्यांपासूनचे हातमाग.

"अमीनसाब, आबाच्या पोराचं ह्या महिन्यात दोनदा लगीन झालं."

आबा म्हणजे बाजारपेठेतला कापडदुकानदार. मी म्हटलं, "मग? तुम्हाला जेवायला बोलावलं नाही म्हणून तक्रार आहे का?"

"हसू नका साब. नदीपल्याडून दोन सुना गाडीत बसून आल्या, अन् पाणवठ्यावर एक बी दिसंना. दुकानात मातर पल्याडच्या गिरणीच्या लुगड्यांची थप्पी लागलीय. जकात न भरता आलेलं लुगडं लई सस्तं मिळतंय. मग माझं कोण घेईल? आठ दिस झाले, हातमाग बंद हाय."

दोन्ही वेळा नाक्यावर आमचे जुने हवालदार हजर होते. त्यांना बोलावून मी एकच विचारलं, "वऱ्हाडात कोण कोण रुसलं होतं?"

"रूठा? कोई नई साब. सब हँसते गए, हँसते आए."

मी टेबलावर हात आपटला. अहो, ज्या वऱ्हाडात फेट्यावरून जावई रुसत नाही, गाडीत पुढं बसवलं नाही म्हणून आत्या तोंड फिरवत नाही, ते वऱ्हाडच नव्हे! ती टोळी असते. मी हवालदारांना ताकीद दिली की आबाचं तिसरं वऱ्हाड दिसलं की तडक मला बोलवायचं.

पंधरा दिवसांत निरोप आला. आबा पोराला नवरदेव करून, वाजंत्री घेऊन काठावर उभा होता आणि पलीकडून पाच बैलगाड्या उतारातून येत होत्या. दिवस कलत आला होता. मी नव्या वर्दीत, नव्या मिशीत, ऐटीत पुढं झालो, गाड्या थांबवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय आबा, पोराचं हे तिसरं लग्न ना?"

वाजंत्री थांबली. दुसऱ्या गाडीतून एक उंच म्हातारा खाली उतरला.

"तिसरं?" तो म्हणाला. "मी नवरीचा बाप हाय. माझी पोर दोघींवर तिसरी द्यायला आणलीय व्हय मी?"

तेवढ्यात माझं लक्ष शेवटच्या गाडीकडं गेलं. एक जाडजूड गृहस्थ सगळ्यांकडं पाठ करून बसले होते आणि दोन बाया त्यांची मनधरणी करत होत्या. "मला साधा फेटा, अन् त्याला जरीचा!" असं ते पुटपुटत होते. हे खरं वऱ्हाड होतं.

म्हाताऱ्यानं गाड्या माघारी वळवायला सांगितलं. गोरज मुहूर्त तासाभरावर आलेला, आणि माझ्या एका टोमण्यानं एका मुलीचं लग्न नदीत चाललं होतं. हळद लागलेली पोर परत गेली असती तर त्या काळात तिला कोण करून घेणार होतं? चोर राहिला बाजूला, आधी लग्न वाचवायचं होतं. मी आबाला बाजूच्या बाभळीखाली घेतलं. माझ्या नोकरीतली ही सगळ्यांत छोटी चौकशी.

"आबा, दोनच रस्ते आहेत. मागची दोन लग्नं खरी असतील, तर घरात दोन सुना आहेत आणि ही तिसरी परत चालली. खोटी असतील, तर तुम्ही जकातचोर."

आबा कपाळाला हात लावून खाली बसला. मग एकदम उठला आणि वऱ्हाडासमोर जाऊन ओरडला, "चोरी केली! मी चोर हाय! लिवून घ्या साहेब, लवकर लिवा!"

इतक्या हौसेनं दिलेली कबुली मी पुन्हा पाहिली नाही. पण म्हातारा पक्का होता. "मग गाडीत नवरी म्हणून कोण बसलं व्हतं?"

आबानं गर्दीतून आपल्या गड्याला ओढून आणलं. त्यानं तोंडाला उपरणं गुंडाळलं होतं. ते सोडलं, तर खाली नुकती उगवती मिशी. गडी मालकावरच उखडला, "दोनदा भादरली माझी! गावात त्वांड दाखवायची सोय नाय राहिली. बायको घरात घेईना!"

लोक हसायला लागले, तरी म्हातारा हटेना. चोराच्या घरी मुलगी देणार नाही म्हणाला. तेव्हा गाडीतून, पदराआडून, नवरीनं बापाला सुनावलं, "दादा, सासरा चोर असला तर चालंल मला. सवत नाय चालायची. अन् सवत तर तो गडी निघाला."

म्हातारा हसला आणि गाड्या पुन्हा मांडवाकडं वळल्या. दुकानातला माल जप्त झाला, आबावर खटला झाला. पंचनामा मात्र मांडवातच केला. पंच म्हणून घेतलेल्या दोघांचे हात हळदीचे, त्यामुळं कागदावर पिवळे अंगठे उठले. वरिष्ठांनी खुलासा मागितला, तो मी तीन वेळा लिहिला.

पुढं जकात उठली. त्याचा फायदा मी डोळ्यांनी पाहिला. गाड्या बिनधास्त नदी पार करू लागल्या, आमची ज्वारी पलीकडं गेली, गरिबाच्या बाईला वर्षाचं एकच लुगडं फाटलं की दंड घालून, जोडून शिवून नेसायची पाळी राहिली नाही. चोऱ्याही बंद झाल्या. भिंतच नाही तर चढणार कशावर? तेव्हा अशा भिंती पाडाव्यात, हे माझं मत आहे. फक्त भिंतीला टेकून कोण बसलं आहे, ते आधी बघावं आणि त्याला हात देऊन उठवावं. आम्ही ते केलं नाही.

हे मला कळलं ते एक दिवस चाचा पुन्हा ठाण्यात आले तेव्हा. चारपैकी तीन हातमाग विकून झाले होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"अमीनसाब, आता कुणीच चोरी करत नाय. तरी माझं लुगडं जात नाय. आता फिर्याद कुणावर करू?"

मी कायद्याची सगळी कलमं मनात चाळली. मग त्यांना चहा पाजला आणि फाटकापर्यंत सोडून आलो. फिर्याद लिहून घेतली नाही. लिहिली असती तर आरोपींत पहिलं नाव माझ्या बायकोचं घालावं लागलं असतं. त्याच आठवड्यात तिनं गिरणीची दोन लुगडी आणली होती, आणि स्वस्त मिळाली म्हणून मीच तिचं कौतुक केलं होतं.