सरकीच्या पोत्यांखाली
सरकीचा वास आला की अकोल्याची ती कापसाची जिनिंग मिल आठवते. शेतीपुढं हात टेकलेली माणसं तिथं हमाली करत, आणि ओझं कसं उचलावं हे त्यांना शिकवायला मी गेलो होतो. गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा, असं सांगत होतो तेवढ्यात मागची पोत्यांची थप्पी कलली आणि तिच्यामागं सावलीत डबा खात बसलेली एक बाई खाली गाडली गेली. धुरळ्यात तिचा एक पाय तेवढा दिसत होता. माझ्यासमोरच बसलेला तिचा नवरा धावला आणि तो पाय ओढू लागला. "ओढू नका, वरची पोती सरकतील!" मी ओरडलो. आम्ही वरून एकेक पोतं उतरवू लागलो. आतून आवाज येत नव्हता. "बोल ना व!" नवरा हुंदके देत म्हणत होता. मग खोकला ऐकू आला, आणि पाठोपाठ तिचा बारीक आवाज, "रडून काहून राह्यले तुमी? पोतं काढा ना आंधी." तिचा हात मोडला, पण ती वाचली. अजूनही शिकवायला उभा राहण्याआधी मी प्रत्येक थप्पीमागं जाऊन बघून येतो. माणसं ताटकळतात, ताटकळू देत.