सरांची खुर्ची

आठल्ये सर वर्गात कधी बसले नाहीत. सिल्वासाच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे. तास सुरू होताच वर्गातली हातांची लाकडी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायचे, जणू काही खोडी तिनेच काढली होती. "बसलं की बुद्धीही बसते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे आणि शाळेलगतच्या चाळीत त्यांच्या शेजारीच राहायचे. निवृत्तीनंतरही हा गृहस्थ पेपर उभ्याने वाचायचा, चहा उभ्यानेच प्यायचा. जेवायला तेवढे बसत, तेही नाइलाजाने.

असा माणूस नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला न्हाणीघरात घसरला. खुब्याचं हाड मोडलं. वापीला ऑपरेशन झालं, ते चांगलंही झालं. सर एकटे होते. पत्नी तरुणपणीच गेलेली. पण आम्ही सगळेच इथे बाहेरून आलेले, त्यामुळे नात्यागोत्याची उणीव माजी विद्यार्थ्यांनी भरून काढली. जवळच्या मसाटच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांत लागलेली खानदेशी पोरं आपापली शिफ्ट सांभाळून सरांजवळ बसत. पाण्याचा पेला तोंडाशी धरत. सर नुसते कुशीवर वळू लागले तरी दोघं धावत. "सर, तुम्ही हलू नका ना. आपन आहे ना इथं!" दीपक म्हणायचा. वर्गातला सगळ्यात ढ मुलगा, आणि सरांवर सगळ्यात जास्त जीव असलेला.

व्यायाम करून घ्यायला मूळच्या धुळ्याच्या फिजिओथेरपिस्ट महाजनबाई यायच्या. जिभेला धार, आवाज खणखणीत. "सर, गुडघा वाकवा. दुखीन, पन वाकवा. खुशाल ओरडा." सर ओरडत नसत. ज्या पोरांपुढे आयुष्यभर ताठ उभे राहिले, त्यांच्यापुढे 'आई गं' म्हणायचं? ते ओठ दाबून म्हणत, "आज राहू द्या." बाई पोरांना बाहेर घालवू बघत; पण सरांना दुखत असताना त्यांना टाकून जायचं कसं, म्हणून पोरं हलत नसत. वॉकर भिंतीशी तसाच राही.

निघताना बाई रोज बजावत, "खाट मानसाला सोडत नाही, सर. अन् ऐका रे पोरांनो, पडून पडून पायात रक्ताची गाठ होते. पोटरी सुजली तर मला निरोप धाडा. चोळायची नाही, चेपायची नाही. गाठ सुटली तर थेट छातीत जाते." पोरं भक्तिभावाने माना डोलवायची.

एका दुपारी सगळीच पोरं कामावर अडकली. भिंतीपलीकडून सरांची किंकाळी ऐकली आणि मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. सर वॉकर धरून दारात उभे होते, मागे महाजनबाई. धोतर घामाने चिकटलेलं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "फार दुखतं हो, बाई," मला म्हणाले, आणि चक्क हसले. कितीतरी वेळ शाळेच्या मैदानाकडे बघत राहिले. मग महाजनबाईंना म्हणाले, "उद्या पुन्हा."

दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा होती. सकाळीच पोरं शाळेतून तीच लाकडी खुर्ची घेऊन आली. तिला झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. "सर जन्मभर उभे राहिले, आज आपन त्यांना बसवू!" सरांनी वॉकरकडे पाहिलं, दीपकच्या उजळलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि खुर्चीत बसले. चौघांनी खुर्ची खांद्यावर घेतली. फाटकात महाजनबाई भेटल्या. जागीच थांबल्या. "चौघांनी उचलायची एवढी घाई काय पडली रे?" पोरं हसली.

शाळेत दिवसभर हार, भाषणं, पाद्यपूजा. सर पाय लोंबते ठेवून बसून होते. संध्याकाळी रिक्षाने घरी आणलं तेव्हा डावी पोटरी टम्म फुगली होती. मी महाजनबाईंकडे माणूस पिटाळून आत आले, तर दीपक तेलाची वाटी घेऊन सरांच्या पायाशी बसला होता.

"अरे, हात लावू नकोस! बाईंनी काय सांगितलंय?"

"ते व्यायामाचं, बाई. आज तरी गुरूचे पाय दाबू द्या."

मी त्याचा हात धरला. सरच म्हणाले, "दाबू द्या हो. मनापासून करतोय." आणि डोळे मिटून घेतले. खूप दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर आराम दिसला. तो आराम मला आजही सहन होत नाही.

थोड्या वेळाने त्यांनी पाणी मागितलं. पेला ओठांशी नेला आणि एकदम छातीवर हात ठेवला. महाजनबाई धापा टाकत आल्या तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दीपक सारखा विचारत होता, "सर बोलत का नाहीत?" महाजनबाईंनी पदराने त्याचे तेलकट हात पुसले.

सकाळी त्याच चौघांनी सरांना उचललं.

सगळे परतल्यावर मी शाळेत गेले. खुर्ची व्यासपीठावर होती, माळा अजून ताज्याच होत्या. त्या सोडवल्या, खुर्ची सरांच्या वर्गात नेली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली.