रिव्हर्स नसलेल्या जीपमधला नवरदेव

आमच्या घराण्यात यंत्रांचा भरवसा मोजता येणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. लातूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी हाच विषय शिकवतो. यंत्र नुसतं चालू किंवा बंद नसतं. अधल्यामधल्या अवस्थेतही ते काम देतं! (माझ्या तासाला पोरंही त्याच अवस्थेत असतात.)

पुतण्या पवनचं लग्न अर्धापूरला होतं. रेणापूरहून नवरदेव न्यायला दादाची जुनी जीप. निघायच्या सकाळी दादा म्हणाला, "आरं, हिचा रिव्हर्स पडंना झालाय. भाड्याची गाडी सांगू का?"

"कशाला?" मी म्हणालो. "हॉर्न अर्धा, सेल्फ पाऊण, रिव्हर्स शून्य. पण लग्नाला जाताना मागं जायचंय कुणाला? गाडी एकदम भरवशाची!"

"भाऊजी, मुहूर्त चुकला तर बघा हं," वहिनींनी दम भरला.

"वहिनी, जिम्मेदारी माझी!"

जीप सुसाट गेली. मांडव दिसला, वाजंत्री ऐकू आली, अन् अरुंद रस्त्यात समोरून केळीनं गच्च भरलेला टेम्पो आला!

"गाडी मागं घ्या की ओ!" टेम्पोवाला ओरडला.

"मागं जात न्हाई ती!" दादा स्टिअरिंगवरून ओरडला.

"मग लग्नाला आणली कशाला?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नवे बूट काढले आणि जीप मागं ढकलायला लागलो. अख्खं वऱ्हाड ढकलायला, पवन फेटा बांधून आत!

मांडवातून मुलीकडच्यांना काय दिसलं? नवरदेव माघारी निघालेला!

"नवरदेव रुसला!" एकच गिल्ला झाला. मुलीचे मामा धापा टाकत आले, हात जोडून म्हणाले, "जावईबापू, आमचं काय चुकलं?"

"मामा, मी कुठं रुसलो? ह्या गाडीनं घात केलाय!"

झालं! मामांना वाटलं, पोरगा नवी गाडी मागतोय. त्यांचा चेहरा लालबुंद. "ऐन मुहूर्तावर गाडी मागून राहिले व्हय! न्हाई द्यायची पोरगी आम्हाला!"

वहिनी रडायलाच लागल्या. तेवढ्यात पवननं जीपमधून उडी टाकली आणि "गाडी नको मामा, लगीन लावा!" असं ओरडत, फेटा सावरत, टेम्पोच्या कडेकडेनं मांडवाकडे धूम ठोकली! मागे मामा, मामांच्या मागे अनवाणी मी. अंतरपाटाआड तो असा धापा टाकत उभा राहिला, की नवरीला हसू आवरेना. लग्न लागलं बाबा एकदाचं!

आता घरात काहीही बिघडलं, की वहिनी आधी मला विचारतात. मी "चालेल" म्हटलं, की लगेच नवीन आणायला माणूस धाडतात. माझा अंदाज आजवर एकदाही बरोबर आलेला नाही. इतका भरवशाचा पार्ट अख्ख्या घरात दुसरा नाही!