गुलाबपाणी शिंपडणारी

बसवनगुडीत आमच्या घरची लग्नं ज्या कल्याणमंटपात होतात, तिथे ती दारात उभी असते. पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं, खडीसाखर द्यायची आणि हसायचं, एवढंच तिचं काम. उभी मात्र अशी राहते, जणू समोर कॅमेरे आहेत. एक पाऊल पुढे, मान ताठ. त्यावरूनच मी तिला ओळखलं. कधीकाळी हिने राज्याच्या सौंदर्यस्पर्धेचा मुकुट जिंकला होता आणि नाचायचीही फार सुंदर.

परवा भाचीच्या लग्नात न राहवून मी तिला तसं म्हटलं. ती आमच्यासारखीच इथल्या मराठी घरातली निघाली. मराठीत कुजबुजली, "अक्का, स्वल्प हळू बोला. मुकुटाचं कळलं की लोक साल विचारतात, सालावरून वय कळतं. दारात उभं राहायला त्यांना कोवळ्या पोरीच लागतात हो."

मला संताप आला, पण तो काढायचा कुणावर?

तेवढ्यात आत मुहूर्ताचे ढोल-नादस्वर घुमू लागले. तिचं हसू होतं तसंच राहिलं, पण साडीच्या काठाखाली उजवी टाच ताल धरू लागली. तिने खाली पाहिलंही नाही. डावं पाऊल उजव्यावर ठेवलं आणि टाच थांबेपर्यंत दाबून धरलं.