उशीतलं भात

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला थोडी ठाऊक आहे — पण तीही मी सांगितली म्हणून नव्हे. तिने डोळ्यांनी पाहिली, आणि पुढे आम्ही दोघे त्यावर कधी बोललो नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. लिहायला बसलो आणि पहिली पानं नुसती गावाच्या वर्णनात गेली. ती फाडून टाकली.

वर्णन थोडं लागेलच. कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या शिवेवर आमचं गाव. डोंगरातून एक ओहोळ येतो आणि त्याच्या उतारावर सगळ्यांची भाताची खाचरं, एकाखाली एक. वरच्या खाचरातलं पाणी बांधाच्या तोंडातून खालच्या खाचरात उतरतं. सगळ्यांत वरची खाचरं तात्यांची. तात्या माझे नात्यातले नव्हेत. शेजारी, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांच्याकडे एक बारीक, वासाचं भात होतं, आज्यापासून घरात चालत आलेलं. त्याला वेगळं नाव नव्हतं, गाव त्याला तात्यांचंच भात म्हणे. कुणाच्या घरी बाळंतीण असली की तिच्या पेजेला तांदूळ तात्यांकडून जायचा. मागावा लागत नसे.

आता माझं. दुसऱ्या महायुद्धात मी फौजेच्या पुरवठा खात्यात कारकून होतो, शेवटी शेवटी ब्रह्मदेशात. रंगूनच्या पलीकडे आमच्या कोठारामागेच भातशेतं होती. उभ्या पिकाचं ताट माझ्या छातीला लागायचं आणि लोंबी अशी भरलेली की हातात वजन कळावं. मी शेतकऱ्याचा मुलगा — रोज संध्याकाळी बांधावर जाऊन उभा राहायचो. परत निघताना तिथल्या एका म्हाताऱ्याकडून बी घेतलं.

जहाजावर एक हुकूम वाचून दाखवला होता. झाड, रोप, बी, माती — जे काही जवळ असेल ते गोदीत उतरताना दाखवायचं. साहेब तपासतील, ठेवून घेतील, वाटलं तर जाळतील. परमुलखातला रोग पिकांबरोबर देशात शिरू नये म्हणून. हुकूम इंग्रजीत होता, आणि आमच्या तुकडीतल्या मराठी शिपायांना तो समजावून सांगायचं काम माझं होतं. मी नीट समजावला. साताऱ्याकडच्या एका शिपायाने डब्यात लिंबाचं रोप जपून आणलं होतं. माझं बोलणं ऐकून त्याने ते गोदीत मुकाट्याने साहेबापुढे ठेवलं. मी त्याच्या मागेच उभा होतो. माझं बी माझ्या उशीत होतं, कापूस काढून भरलेलं, आणि उशी वळकटीत. मला विचारलं, काही आहे? मी म्हणालो, नाही.

घरी आल्यावर बायकोने उशी उसवली. तिने विचारलं नाही. गावात मी सांगितलं, पुण्याकडच्या ओळखीच्या माणसाने बी दिलं.

पहिल्या वर्षी एकाच खाचरात लावलं. पीक असं आलं की तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या कळंबकडची माणसं बघायला येऊन गेली. ते मला आवडलं. खोटं कशाला बोलू? फार आवडलं. पुढच्या वर्षी रोपं वाढवायला मोठा राब केला आणि रोप उरलं.

आमच्याकडे उरलेलं रोप कुणी टाकत नाही, विकत तर नाहीच. लावणी उरकली की जुड्या बांधावर ठेवायच्या. ज्याला कमी पडलं असेल तो नेतो. त्या साली खेकड्यांनी तात्यांचं रोप कुरतडलं होतं. मी स्वतः जुड्या वर नेऊन दिल्या. रोप उंच वाढलं होतं, म्हणून शेंडेही छाटून दिले — आधी माझ्या जुड्यांचे, आणि मग त्याच विळ्याने तात्यांच्या उरल्यासुरल्या रोपाचे. तात्या म्हणाले, "बघा रं, फौजेतला मानूस माजी हजामत करतोय." सगळे हसले. मीही हसलो.

तात्यांच्या खाचराच्या ज्या कोपऱ्यात माझं रोप लावलं होतं, त्याच्या कडेने त्यांचं भात पिवळं पडलं. पानाच्या दोन्ही कडा वाळत खाली येत, आणि सकाळी त्यांवर मधासारखे बारीक थेंब दिसत. मग पाण्याबरोबर तो रोग खाली उतरत गेला — या खाचरातून त्या खाचरात. माझ्या ब्रह्मी भाताला मात्र जवळजवळ काही झालं नाही. ते हिरवंगार उभं.

शेतकी खात्याचा एक तरुण अधिकारी आला. मारुतीच्या देवळात सगळे जमले. त्याने पान उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाला, हे जंतूंचं काम वाटतं, खात्री नाही. मग विचारलं, "गावात बाहेरून कुणी बी, रोप, पेंढा आणला होता का?"

"बाहेरनं आमच्यात फकस्त जावई येतात, सायेब," कुणीतरी म्हणालं.

"आन ते बी रिकाम्या हातानं."

हसणं थांबल्यावर मागून आवाज आला, "यसवंताचं बी हाय की बाहेरचं. पुन्याचं."

अधिकारी माझ्याकडे वळला. त्या वेळी मी काय करायला हवं होतं, हे मला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक आहे. त्या देवळात तो नियम वाचलेला, दुसऱ्यांना समजावलेला माणूस मी एकटाच होतो. मी म्हणालो, "मावळातलं आहे साहेब. घाटावरचं." त्याने माझं शेत पाहिलं, ते निरोगी होतं. त्याचं समाधान झालं. मग त्याने विचारलं, रोग पहिल्यांदा कुठे दिसला? सगळ्यांनी वर, तात्यांच्या खाचरांकडे बोट केलं. तो सांगून गेला की रोगट पेंढा जाळा आणि त्या पिकाचं बी धरू नका.

त्याने एवढंच सांगितलं होतं. पण गावाला तेवढ्याने धीर येईना. तात्यांच्या घरी कणगीत जुनं बी होतं, पेरून उरलेलं, अडीनडीला ठेवलेलं. लोक म्हणाले, रोग ह्याच बियात हाय, समदं जाळा. तात्या कुणाशी भांडले नाहीत. माझ्याकडे आले.

"तू शिकलेला, मुलूख बघून आलेला. तूच सांग. ह्ये बी आदल्या सालचं. तवा रोग व्हता का? मंग ह्यात कसा आसंल?"

बरोबर बोलत होते. मी एक शब्द बोललो असतो तर गावाने ऐकलं असतं. त्या दिवसांत माझं ऐकत. मी म्हणालो, "तात्या, धोका कशाला घ्यायचा?"

ते उठले. "तू म्हनतोस तर मंग," म्हणाले. कणगी त्यांनी स्वतः आगीत रिकामी केली. भाजलेल्या तांदळाचा वास गावभर होता.

माझ्याच बियातून रोग आला, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. तसं कुणी सिद्ध केलेलं नाही. पुष्कळ दिवस मी ह्याच वाक्याच्या आड बसलो होतो. पण मला दोनदा विचारलं होतं, एकदा गोदीत आणि एकदा देवळात, आणि दोन्ही वेळा मी खोटं बोललो. त्यात शंका नाही. तात्यांना मी काय उत्तर दिलं, त्यातही नाही. शिक्षेची भीती होती म्हणावं, तर फौज केव्हाच सुटली होती. कळंबची माणसं माझं शेत बघायला आली होती आणि ती पुन्हा यावीत, असं मला वाटत होतं. बस.

पुढच्या वर्षी रोग पुन्हा आला. आता तो येतोच, कुठे कमी, कुठे जास्त. तात्यांचं भात मात्र परत आलं नाही. ते बी दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हतं. गावातली बाळंतीण आता माझ्या जाड्या तांदळाची पेज पिते. तात्या दर वर्षी बी माझ्याकडून नेतात, आणि लोकांना सांगतात, "यसवंता व्हता म्हनून शेत पडीक नाय ऱ्हायलं." मी समोर असतो. ऐकून घेतो.

यंदाही ते येऊन गेले. ओटीवर बसले, चहा घेतला. सांगायचं ठरवलं होतं. बायको उंबऱ्यात उभी होती, तिलाही वाटलं असावं की आता हा बोलेल. मी बी मोजून दिलं.

म्हणून हे लिहिलं — असं म्हणणार होतो, पण तेही खरं नाही. तात्यांना वाचता येत नाही. त्यांच्या घरात वाचणारं कुणी नाही. हे मला ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे म्हणूनच मी हे लिहू शकलो.