माधवनगरचा बंदचालू

बंदचालूच्या खिशाला पेन कधी नसे, स्क्रूड्रायव्हर असे. तो वापरताना मात्र मी त्याला पाहिलेलं नव्हतं. सांगलीतल्या आमच्या छापखान्यात तो शिरायचा, कॉम्प्युटरकडे न बघता खुर्चीत बसायचा, चहा मागवायचा आणि विचारायचा, "बंद करून चालू केला का?" आम्ही म्हणायचो, केला. मग तो उठून स्वतःच्या हातानं बंद करायचा, चालू करायचा. आमच्या हाताला गुण नव्हता ना! कधीकधी तेवढ्यावर मशीन चालायचंही. तेव्हा मेलेलं माणूस उठवून बसवल्यासारखा तो आमच्याकडे बघायचा. त्याचं हे नाव आमच्या मंडळीनं, म्हणजे बायकोनं, ठेवलं. खरं नाव सांगितलं तर माधवनगरात त्याचं घरही सापडत नसे.

मी सातवीतून पळालेला माणूस. शाळेत सुलटी अक्षरं जमली नाहीत, छापखान्यात उलटी वाचायला शिकलो. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून लग्नपत्रिका छापण्यात जन्म गेला. मग गिऱ्हाईक कॉम्प्युटरची अक्षरं मागायला लागलं, तसे खिळे भंगारात घातले आणि ते डबडं घेतलं. मला त्याचा उंदीर काही धरता येईना. मंडळी मात्र बसली आणि बघता बघता पत्रिका जुळवायला लागली. मेढ्याकडची बाई. चिखलात भाताची रोपं लावावीत तशी अक्षरं लावत जायची, मान वर न करता. तिचा कागद निघाला की ब्लॉक करून ट्रेडलवर, म्हणजे पायानं मारायच्या छापयंत्रावर, छापायचा, एवढंच माझं काम.

मशीन बिघडलं आणि बंद-चालू करून भागलं नाही, की बंदचालूकडे दुसरं औषध होतं. "व्हायरस हाय काकू."

"साथीचा का रं?"

"व्हय की. फ्लॉपीतनं येतो."

त्या दिवसापासून गिऱ्हाइकाची फ्लॉपी बाहेर, चपलांशेजारी. आत आणू द्यायची नाही बाई.

एकदा कॉम्प्युटर बरेच दिवस नीट चालला, हे बंदचालूला सहन झालं नसावं. सीडी घेऊन आला. "काका, नवीन विंडोज टाकतो. जुनं बी ऱ्हाईल, नवीन बी ऱ्हाईल. एका मशीनीत दोन."

"कशाला?"

"असूद्या की. पुढं लागंल."

पुढं लागली ती कटकट. मशीन लावलं की काळ्या पडद्यावर सवाल यायचा, जुनं का नवं? आपण गप्प राहिलो तर ते जाऊन नव्यात बसायचं. आणि मराठी अक्षरांचा प्रोग्रॅम चालायचा फक्त जुन्यात. "एका घरात दोन सवती आणून बसवल्या मेल्यानं," मंडळी म्हणाली. पण सवतीला गप्प कसं करायचं हे तिला लगेच कळलं. पडदा काळा झाला की ती खालचा बाण दाबून जुनीला पुढं काढायची. ते गणित तिच्या बोटातच राहिलं.

त्या प्रोग्रॅमला एक कुलूप होतं. आगपेटीएवढा डबा, एका अंगाला पिना, कॉम्प्युटरच्या मागं खुपसायचा. ते कुलूप लागलेलं नसेल तर प्रोग्रॅम दारात उभं करायचा नाही. बंदचालू त्याच्याविषयी बोलायचा ते पुजाऱ्याच्या थाटात. "काकू, कॉम्प्युटर जळला तर दुसरा येईल. ह्ये गेलं तर छापखान्याला टाळं. समदा जीव ह्यात हाय. पूजा करा ह्याची."

तो बोलायचं म्हणून बोलला. मंडळीनं केली. खंडेनवमीला आम्ही ट्रेडल आणि कटिंग मशीन पुजायचो. त्या वर्षी तिनं ते कुलूप मागून उपटलं, ताटात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं आणि परत जागेवर खुपसलं. त्यानंतर मशीन लावायची वेळच आली नाही. दसऱ्याला तिचं जुनं दुखणं उसळलं आणि दिवाळीच्या आत ती गेली.

गावातल्या कितीतरी माणसांच्या उत्तरकार्याच्या पत्रिका तिनं जुळवल्या होत्या. त्यासाठी समईची एक चौकट स्वतः काढून मशीनमध्ये ठेवली होती. तिची पत्रिका त्याच चौकटीत, आमच्याच ट्रेडलवर निघायला पाहिजे होती, आणि मेढ्याला तिच्या माहेरी वेळेत पोचायला पाहिजे होती. मी मशीन लावलं. ते नव्यात जाऊन बसलं. अक्षरं नाहीत, चौकट नाही. बंदचालूला निरोप धाडला.

आला तो नेहमीची पांढरी पँट घालून. मशीनचं काम करणारा पांढरी पँट घालतो, म्हणजे त्याला काम करायचं नसतं, असं माझं मत आहे. म्हणूनच तो कॉम्प्युटरच्या मागं कधी वाकत नसे. मागं धूळ असते. त्यानं बंद केलं, चालू केलं, बाण दाबून जुन्यात नेलं. तिच्या फायलीचं नाव दिसलं. उघडायला गेला तर पाटी आली, कुलूप नाही. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पुन्हा तीच पाटी.

"काका, जुनं विंडोज गेलं. समदं पुसून नव्यानं टाकाय पायजे."

"आणि तिची चौकट?"

"ती जाईल. दुसरी लावू की. फुलाफुलाच्या लय भारी हाईत माझ्याकडं."

"फुलाफुलाची तुझ्या उत्तरकार्याला लाव भाड्या. काही पुसलंस तर हात कटिंग मशीनमध्ये घालीन. मागं बघ आधी."

"मागं काय न्हाई वं."

"पँट धुता येते. वाक."

वाकला. कुलूप उपटून उजेडात धरलं. पिनांच्या मधे कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. अक्षतेचा एक दाणा अडकला होता.

"ह्ये कुणी केलं?" विचारतानाच त्याला आठवलं असावं. "मी चेष्टेनं म्हणलो हुतो वं काकूंना," म्हणाला आणि खाली फरशीवर बसला, पांढऱ्या पँटीसकट.

खिशातला स्क्रूड्रायव्हर त्या दिवशी कामाला आला. टोकाला कापूस गुंडाळून त्यानं एकेक पीन पुसली. डब्याच्या पाठीवर तिच्या बोटाचं कुंकू होतं. तिथं तो थांबला. "पिना साफ केल्या काका. वरचं ऱ्हाऊद्या." माझ्या माहितीत त्यानं केलेलं हे एकच शहाणपणाचं काम. कुलूप लागलं, समईची चौकट उघडली, आणि मंडळीची पत्रिका मी माझ्या पायानं ट्रेडल मारून छापली.

पुढं त्याला साताऱ्याला एका कारखान्यात नोकरी लागली. कुणी दिली, त्या कारखान्याचं काय झालं, विचारू नका. जाताना पेढे घेऊन आला. मी तेव्हा छापखाना उघडून नुसता बसून असायचो. मला तसं बघून म्हणाला, "काका, तुमी बी एकदा बंद होऊन चालू व्हा की."

"गाढवा, माणूस बंद झालं की चालू होत नाही. तुझ्या काकूला विचार."

पेढे ठेवले, पाया पडला आणि गेला. परत काही आला नाही.

ते कुलूप माझ्याकडे आहे. ज्याला ते लागायचं तसलं मशीन आता भंगारातही मिळत नाही. दर खंडेनवमीला ट्रेडलबरोबर त्यालाही कुंकू लावतो. वरच्या अंगाला, पिना सोडून. बंदचालूकडून मी शिकलो ते एवढंच.