कावळ्याला दिलेला शब्द

“शिवला कावळा. चला आता घरी,” आबा म्हणाले आणि घाटावरची माणसं हसली.

नरसिंहपूरच्या संगमावर माझ्या बायकोचा दहावा होता. पिंड मांडून तास उलटला तरी कावळे बाभळीवरून उतरेनात. मेलेल्याची इच्छा अडकली की कावळा शिवत नाही म्हणतात. तिची इच्छा सगळ्यांना ठाऊक होती. मेहुणी म्हणाली, “दाजी, वैशूचं बोला.” मी हात जोडून मोठ्यानं म्हणालो, “वैशूला अंतर देणार न्हाय. शीव.”

तेवढ्यात वैशूच गर्दीतून पुढं घुसली. आमची चौदा वर्षांची एकुलती पोरगी. पिंडाचा भात तिनं दोन्ही हातांनी तोंडात कोंबला. काळे तीळ हनुवटीला चिकटले होते.

त्यावर आबांचा तो विनोद. आबा माझे चुलतभाऊ, साखर कारखान्याचे संचालक. मला तिथल्या वजनकाट्यावर नोकरीला चिकटवलं ते त्यांनीच. हसून झाल्यावर ते म्हणाले, “माणसाची हाय का कुणाची? कोंडून घालत जा.”

मी पोरीचे केस धरले. तोंडात बोटं घालून भात उकरून काढला. ती गिळत होती, मी उकरत होतो. मग मारलं. लाळेनं भरलेला हात धोतराला पुसला, आबांपुढं वाकलो आणि म्हणालो, “चुकी झाली, आबा.”

कुणीतरी नवा पिंड ठेवला. त्याला कावळा लगेच शिवला. कावळ्याला हात जोडून जेव म्हणणारी माणसं आम्ही. आईच्या पिंडापाशी पोरीच्या तोंडातला घास काढणारीही आम्हीच.

आमच्या गावी, कळसला, घरी मी तिला खताच्या खोलीत कोंडायला लागलो. गाव तिला भस्म्या म्हणायचं, मीही म्हणायचो. कच्चं पीठ, म्हशीची पेंड, उकिरड्यावरचं शिळं, काहीही खायची. मला तिची किळस यायची. जन्मली तेव्हा तिला चोखायचं बळ नव्हतं. तिच्या आईनं कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दूध पाजून तिला जगवलं. ते मी साफ विसरलो होतो.

पंधरा वर्षं अशी गेली. मी पेन्शनीत निघाल्यावर वैशूचा पाय सुजला म्हणून तिला बारामतीला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पाय बघता बघता सगळंच विचारलं आणि रक्त तपासायला पुण्याला पाठवलं. जनुकातला दोष निघाला, जन्मापासूनचा. बाई म्हणाल्या, “पोट भरल्याचं तिच्या मेंदूला कळतच नाही, काका. ती जेवून उठते तीही उपाशीच. कुलूप स्वयंपाकघराला लावा, तिला नको.” मग विचारलं, “कधी मारलंय?”

मी नाही म्हणालो. खोटं बोललो. मारलंय. चाबकाच्या मुठीनंसुद्धा.

गेल्या माघात आबा नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. चहा पिऊन उठताना म्हणाले, “लग्नाला नक्की ये. तेवढा तो भस्म्या कोंडून ये.”

वैशू दारातच बसली होती. तिनं मान खाली घातली. तिला सगळं कळत होतं, तेव्हा घाटावरही कळत असणार.

मी पत्रिका परत त्यांच्या हातात दिली. “ती येणार न्हाय. मीबी येणार न्हाय.”

“नोकरी कुणी लावली, इसरलास व्हय रं?”

“न्हाय इसरलो. त्या नोकरीपायीच घाटावर पोरीच्या तोंडात बोटं घातली.”

आबा चपला घालून गेले. भावकी आता माझ्याशी बोलत नाही. न बोलो.

माझा दहावा घालायचा नाही, मेहुणीला सांगून ठेवलंय. माझ्या नावानं कावळ्यापुढं कुणी हात जोडायचे नाहीत. माझ्यामागं वैशू तिच्याकडं राहील. जेवणाच्या वेळांचा कागद आणि स्वयंपाकघराची दुसरी किल्ली आत्ताच मेहुणीच्या हवाली केलीय. कावळ्याला दिलेला शब्द मी त्याच जागी मोडला. आता तो वैशूला तोंडावर दिलाय: सकाळी आठ, दुपारी साडेबारा, चार, रात्री साडेसात. त्या वेळेला ताट येणार. मधे रडली, शिव्या दिल्या, भांडी फेकली, तरी ताट येणार नाही. आणि हात उगारला जाणार नाही. माझा नाही, दुसऱ्या कुणाचाही मी उगारू देणार नाही.